गळ्यातून गळ्यात

रोज सकाळी, तोंड धुवायच्याही आधी, उत्तरेश्वर अंगणातल्या टिपाडापाशी जायचा. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून त्याच्या पेराने खालून वर टकटक करत आणायचा, कान पत्र्याजवळ न्यायचा आणि चुलीपुढे बसलेल्या सत्यभामेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, "सव्वादोन दिवस."

म्हणजे टिपाडात सव्वादोन दिवस पुरेल एवढं पाणी आहे.

"झाकण काढून बघा की," ती आतून म्हणायची. "देवानं डोळे दिलेत."

"डोळ्याला वरचं दिसतं. खालचं कानालाच कळतं."

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिने त्याची परीक्षा घेतली होती. तो कामावर गेल्यावर टिपाडात तुराटी बुडवून ओल कुठवर येते ते बघितलं, दिवसाला लागणाऱ्या घागरी मोजल्या. त्याचा अंदाज तांब्याभराने चुकला होता. तेव्हापासून तिने तपासणं सोडून दिलं. टोमणा मात्र सोडला नाही.

उत्तरेश्वर घाटनांदूरला दूध संस्थेत संकलनावर होता. सकाळ-संध्याकाळ गावोगावचे कॅन यायचे, तो मापायचा, नमुना काढायचा, वहीत लिहायचा. पण माप लावायच्या आधी त्याचं बोट कॅनवर पडायचंच. भरलेला कॅन खाली, जड बोलतो. रिकामा वर, चिरका बोलतो. नुसत्या आवाजावरून तो लिटरं सांगायचा. गवळ्यांनी त्याची दंतकथा करून टाकली होती. दुधात घातलेलं पाणीसुद्धा ह्या माणसाला ऐकू येतं, असं ते म्हणायचे. तसं काही नव्हतं. पण एकदा त्याने एका कॅनला कान लावला आणि सहज त्या माणसाकडे बघितलं, तर तो माणूस म्हणाला, "दोनच तांबे घातलंय, मालक, देवाशप्पथ." संस्थेत त्या गोष्टीवर वर्षभर चहा झाला.

खालच्या आवाजाचं हे वेड त्याला कुठून लागलं, ते सत्यभामेने शंभरदा ऐकलं होतं. शंभरदा ऐकताना तिने भाकरी थापल्या होत्या, धुणं वाळत घातलं होतं, डाळ निवडली होती. निवांत बसून एकदाही ऐकलं नव्हतं.

साखर कारखाना नवा सुरू झाला होता तेव्हाची ती गोष्ट. सहकारी कारखाना, गावागावातले सभासद, पहिली मोळी टाकायचा कार्यक्रम आणि संध्याकाळी सोलापूरचा ऑर्केस्ट्रा. उत्तरेश्वर तेव्हा बावीस वर्षांचा. ऑर्केस्ट्राचे भलेमोठे स्पीकर ट्रकमधून उतरवायला गावातली जी पोरं गेली, त्यांत हाही होता. स्पीकर जागेवर लावला आणि हा त्याच्या मागेच उभा राहिला. समोर एक काळासावळा माणूस गळ्यात लांब दांड्याचं, चार जाड तारांचं वाद्य अडकवून उभा. त्याने एक तार छेडली. उत्तरेश्वर सांगायचा, "कानात आलाच न्हाई आवाज. बरगडीत आला. कुणी आतून हाक मारावी तसा."

त्या वाद्याला बेस गिटार म्हणतात, हे त्याला त्या माणसानेच सांगितलं. गाण्यात ते कुणाला वेगळं ऐकू येत नाही, पण ते थांबलं की गाणं पोकळ होतं, हेही सांगितलं. मग म्हणाला, "चहा पिऊन येतो, तोवर धर." आणि वाद्य ह्याच्या गळ्यात घातलं.

तो माणूस चहा प्यायला, पान खाल्लं, कुणा ओळखीच्या माणसाशी बोलत बसला. तासाभराने आला तर उत्तरेश्वर तिथेच, तसाच उभा. वाद्य गळ्यात.

"अरे, भिंतीला टेकवून ठेवायचं की! आणि बसायचं."

"टेकवत न्हाईत," उत्तरेश्वर म्हणाला.

त्याचा दोष नव्हता. गळ्यात घालायचं एकच वाद्य त्याला माहीत होतं, ते म्हणजे सप्त्यातली वीणा. सात दिवस हरिनाम चालतं तोवर मंडपात वीणा कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. ती खाली ठेवत नाहीत, खुंटीला लावत नाहीत. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असतात. पहारा बदलताना येणारा उभ्या असलेल्याच्या पाया पडतो, उभा असलेला येणाऱ्याच्या पाया पडतो, आणि वीणा ह्या गळ्यातून त्या गळ्यात जाते. उत्तरेश्वरचा पहारा ठरलेला, दुपारी बारा ते दोन. चैताच्या उन्हात मंडपाचं कापड तापायचं, टाळकरी पेंगायचे, ती वेळ कुणाला नको असायची. एका वर्षी दोनचा माणूस जेवून झोपला तो चारला उठला. उत्तरेश्वर चार तास उभा होता. घरी आला तेव्हा त्याच्या पायांत वहाणा जाईनात.

"कुणाला तरी हाक मारायची," सत्यभामा त्याच्या पायांना कोमट तेल लावताना म्हणाली.

"हाक मारून द्यायची असती का ती? घेणाऱ्यानं यावं लागतं."

ते तेव्हा तिने ऐकलं आणि सोडून दिलं.

सोलापूरच्या त्या माणसानंतर उत्तरेश्वरच्या हाती बेस गिटार पुन्हा आली नाही. आली ती एक फळी. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याने बाभळीच्या फळीवर सायकलच्या ब्रेकच्या चार तारा ताणून बसवल्या, खाली खिळे, वर खुंट्या. आवाज म्हणाल तर काही नाही. पण फळीच्या टोकाला हनुवटी टेकवली की त्याला तो हाडातून ऐकू यायचा. दुपारी संस्थेतून आला की ओट्यावर बसून, हनुवटी फळीवर, डोळे मिटलेले, बोटं चालू. शेजारची दगडाबाई पहिल्यांदा बघून गेली आणि लवंगा घेऊन परत आली.

"दाढ लई ठणकायलीय का रं बाबा?"

सत्यभामा पदराआड हसली. पुढे कितीतरी वर्षं तिने तोच विनोद चालवला. तो फळी घेऊन बसला की म्हणायची, "दुखायली का दाढ?" आणि तो डोळे न उघडता म्हणायचा, "लई."

ह्या घराची आणखी एक रीत होती. सत्यभामा पाणी घेऊन यायची, तेव्हा हंडा तिने स्वतः कधी उतरवला नाही. अंगणात येऊन उभी राहायची आणि नुसतं "अवो" म्हणायची. उत्तरेश्वर जिथे असेल तिथून यायचा, दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावरचा हंडा उचलून घ्यायचा आणि टिपाडात रिता करायचा. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, दोघांनाही सांगता आलं नसतं. पाण्याच्या रांगेत बाया तिला चिडवायच्या.

"सत्यभामेचा हंडा उतरवायला घरचा माणूस," दगडाबाई म्हणायची, "अन् आमचा उतरवायला दाराची चौकट. तीबी म्हणती, वाकून ये गं बाई."

मुलगी लातूरकडे दिली, घरात दोघं उरली. मग दोन पावसाळे ओळीने कोरडे गेले. त्या उन्हाळ्यात गावची जनावरं छावणीत गेली. संस्थेत वीस कॅन यायचे तिथे तीन येऊ लागले. विहिरीला पाणी नाही, बोअरला नाही, चार दिवसांआड टँकर. उत्तरेश्वर रिकाम्या कॅनांच्या रांगेसमोर बसून राहायचा. सवयीने एखाद्याला बोट लावायचा आणि तो चिरका आवाज ऐकून हात मागे घ्यायचा.

सप्ता तोंडावर आला, तसा तो वीणेच्या तारा बदलून आणायला अंबाजोगाईला गेला. दरवर्षी त्या तोच आणायचा. परत आला तो गप्प. तीन दिवस गप्प. चौथ्या दिवशी सकाळी त्याने टिपाड वाजवलं आणि आकडा सांगितलाच नाही.

सत्यभामा बाहेर आली. "काय झालं? संपलं का पाणी?"

"शहादेवच्या दुकानात टांगलीय," तो म्हणाला.

"काय?"

"तीच. चार तारांची. कालेजातल्या कुण्या पोरानं मागवली अन् न्यायला आलाच न्हाई. चिंचोक्याचा रंग हाय."

तिला पुढचं सांगावं लागलं नाही. दूध संस्थेचा दिवाळीचा बोनस तो कित्येक वर्षं वेगळा ठेवत आला होता. तो कशासाठी, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यावर बोलणं कधी झालं नव्हतं इतकंच.

"मी बी येते बघायला," ती म्हणाली.

तो तिच्याकडे असा बघत राहिला, की तिलाच कसंतरी झालं.

दुसऱ्या दिवशी दोघं बसने निघाली. सत्यभामेच्या पिशवीत तळाला एक जुनी चादर घडी करून ठेवलेली होती, धुतलेली, मऊ. बसमध्ये दांडा कशाला लागून खरचटू नये, म्हणून परत येताना गुंडाळायला. हे तिने त्याला सांगितलं नाही. तो खिडकीशी बसला होता. करपलेल्या रानांकडे बघत म्हणाला, "तुला पटलं तरच आणू. तू तुझ्या हातानं माझ्याकडून घेतली, की समजंन आणायची. न्हाई घेतली तर उगं वाजवून बघितली म्हणू अन् जाऊ घरी."

"बरं," ती म्हणाली. मनात म्हणाली, चादर काय उगीच आणलीय?

शहादेवचं दुकान म्हणजे लांबट बोळ. दाराशी ढोलक्या, आत पेट्या, वर दोरीला ओवलेले टाळ, आणि सगळ्यात शेवटी भिंतीला ती. शहादेव पन्नाशीचा, अंगाने वाळका, मांडीवर एक ढोलकी घेऊन तिची वादी ओढत होता.

"या बुवा. लाईट गेलीय बघा. त्या डब्याशिवाय आवाज न्हाई तिचा."

"चालतंय," उत्तरेश्वर म्हणाला.

त्याने चपला बाहेर काढल्या. दुकानात कुणी चपला काढत नव्हतं. शहादेवने गिटार खाली काढली, उत्तरेश्वरने मान वाकवली आणि पट्टा गळ्यात घेतला. वाद्य पोटाशी नीट बसलं. मग त्याने मान कलती करून हनुवटी वाद्याच्या वरच्या टोकाला टेकवली, डोळे मिटले आणि तार ओढली.

दुकानात काहीच ऐकू आलं नाही. रस्त्यावर ऑटो फटफटत होता.

"दाढ दुखायली का?" सत्यभामा हळूच म्हणाली.

"लई," तो म्हणाला. त्याचे डोळे मिटलेलेच होते आणि पापण्यांच्या कडा ओल्या होत्या.

तो तसाच पंधरा-वीस मिनिटं वाजवत राहिला. बाभळीच्या फळीवर इतकी वर्षं जे काही बोटांनी जमवलं होतं, ते सगळं बिनआवाजात. शहादेवनेही हातातलं काम थांबवलं. आणि मग लाईट आली. शहादेवने उठून वायर जोडली, काळ्या डब्याचं बटण फिरवलं.

पहिला सूर आला तेव्हा काचेच्या कपाटातले घुंगरू आपोआप हलले. सत्यभामेने पोटावर हात ठेवला. तिला वाटलं होतं, काहीतरी मोठं, दणदणीत असेल. ते तसं नव्हतं. भरलेल्या टिपाडाला कुणी बोट लावावं तसा तो आवाज होता. दोन वर्षांत घरात तो आवाज झालाच नव्हता. मुलगी पोटात असताना आत पहिल्यांदा काहीतरी हललं होतं, ते तिला आठवलं. शंभरदा ऐकलेली गोष्ट तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळली. कानात नाही, बरगडीत.

तेवढ्यात दारात उजेड अडला.

"कोण हाय रे आत? भूकंप झाला काय!"

बबनराव. दूध संस्थेचे चेअरमन. सप्त्याच्या पखवाजाची पुडी बदलायला आले होते, मागे गावचे आणखी दोघं. उत्तरेश्वरला बघून ते क्षणभर थांबले आणि मग पोट हलवून हसले.

"काय बे उत्तरेश्वर! छावणीतल्या म्हशी नाचवायच्यात का?"

मागचे दोघं हसले. उत्तरेश्वरही थोडा हसला. तो मनाला लावून घेणारा नव्हता.

"लोकं टँकरमागं पळायलीत," बबनराव शहादेवला म्हणाले, "अन् आमचे वीणेकरी ऑर्केस्ट्रात चाललेत. वैनी, तुमीबी एक झांज घ्या. जोडी लई शोभंल. गावात वरात काढू."

सत्यभामेचं तोंड तापलं. उद्या रांगेत ही गोष्ट कशी फिरेल, ते तिला तिथेच ऐकू येऊ लागलं. घोटभर पाण्याला माणसं भांडतायत आणि उत्तरेश्वरच्या बायकोला गिटार हवी झालीय. तिने पदर पुढे ओढला.

शहादेव पखवाज बघायला दाराकडे गेला. उत्तरेश्वरने वाजवणं थांबवलं. तो तिच्याकडे वळला. एक पाऊल पुढे आला, पाय जुळवले आणि मान किंचित झुकवली. दर चैतात भर दुपारी तो असाच उभा राहायचा, घेणाऱ्याची वाट बघत. तिने ते मंडपाच्या बायकांच्या बाजूने कितीदा बघितलं होतं. बायांनी वीणा घेऊ नये असं गावात कुणी म्हटलं नव्हतं. पण कुण्या बाईने ती घेतलीही नव्हती.

तिला कळलं. कळलं नाही असं तिला नंतर कधीच म्हणता आलं नाही. नुसती मान पुढे करायची होती.

"घे," तो हळू म्हणाला.

"मी कावून घेऊ?" ती म्हणाली, आणि बबनरावांना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानेच म्हणाली. "ठेवा तिथं. बस जाईल."

तो तसाच उभा राहिला. किती वेळ, ते तिला सांगता येत नाही. दाराशी शहादेव आणि बबनराव पुडीच्या कातड्यावरून हुज्जत घालत होते. मग उत्तरेश्वरने स्वतःच मान वाकवून पट्टा काढला, वाद्य कपाटाच्या काचेवर आडवं ठेवलं, आणि त्यावर हात ठेवून तो हात कपाळाला लावला. तीस वर्षांत त्याने गळ्यातलं वाद्य आपल्या हाताने खाली ठेवलं नव्हतं.

परत येताना बसमध्ये जागा मिळाली नाही. दोघं उभी होती. पिशवी तिच्या खांद्याला होती आणि चादर तिच्या तळाशी.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. आठ दिवस अबोला धरला असता, एखादी थाळी आपटली असती, तर तिला सांगता आलं असतं की बबनराव हसले, मला लाज वाटली, चुकलं माझं, चला उद्या परत जाऊ. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नेहमीसारखं टिपाड वाजवलं आणि सांगितलं, "दीड दिवस." संध्याकाळी ती टँकरवरून आली, अंगणात उभी राहून "अवो" म्हणाली, आणि तो येऊन हंडा घेऊन गेला. सांगायला वाटच राहिली नाही. पुढच्या महिन्यात कधीतरी तिच्या लक्षात आलं की बाभळीची फळी ओट्यावर दिसत नाही. ती चुलीत गेली होती. एक तार मोरीच्या दाराला बांधलेली दिसली, कडीच्या जागी.

"दाढ थांबली वाटतं," असं एकदा तिच्या तोंडावर आलं होतं. तिने ते गिळलं.

पुढे एक पावसाळा बरा झाला, मग पुन्हा दोन कोरडे. उत्तरेश्वर आठवडी बाजाराला अंबाजोगाईला जाऊ लागला. संस्थेचं काम, म्हणायचा. बोटांची टोकं टणक झालेली तिने बघितली होती. कॅन उचलून होत असेल, असं वाटलं. बाजाराच्या संध्याकाळी तो जरा जास्त जेवायचा, हेही बघितलं होतं. ह्या दोन गोष्टी तिने एकमेकींशेजारी ठेवून बघितल्या नाहीत.

तिसऱ्या वर्षी मार्चात, एका सकाळी, तो संस्थेत गेला. त्या दिवशी दहाच्या सुमाराला टँकर आला. सत्यभामेने संस्थेत निरोप धाडला आणि दोन हंडे भरून टँकरपाशीच ठेवले. तिसरा डोक्यावर घेऊन ती अंगणात आली, तर समोरून दगडाबाई धावत येताना दिसली. तिने आधी सत्यभामेच्या डोक्यावरचा हंडा दोन्ही हातांनी उचलून घेतला, खाली ठेवला, आणि मग सांगितलं. तीनच कॅन आले होते. त्यातल्या एकाला त्याने कान लावला होता. लोकांना वाटलं ऐकतोय. ते बराच वेळ थांबले.

सप्ता महिन्यावर आला, तेव्हा मंडळी घरी आली. दरवर्षी वीणेच्या तारा उत्तरेश्वर बदलून आणायचा, ह्या वर्षी कुणाला पाठवावं, असं त्यांनी संकोचत विचारलं. सत्यभामा म्हणाली, मी जाते. वीणा तिने त्याच जुन्या चादरीत गुंडाळली आणि बसमध्ये सगळी वाट मांडीवर धरून नेली.

शहादेव जरा म्हातारा दिसत होता. वीणा बघून उठला.

"वीणेकरी बुवांच्या घरच्या ना? या माय. कळलं मला. दोन बाजार आले न्हाईत तवा मीच फोन लावलाता संस्थेत."

"दोन बाजार?"

"मंग? दर बाजाराला यायचे की. तीन वर्षं." त्याने मागच्या भिंतीकडे मान केली. "पाच-दहा मिनिटं वाजवायचे. मग उभे राहायचे. पहिल्या खेपंला मी म्हणलं, बुवा, ठेवा की तिथं. तर म्हणले, ठेवत न्हाईत. एकदा ठेवली, ती अजून सलायलीय. मग काय, मी गिऱ्हाईक सोडून यायचो. त्यांच्या पाया पडायचो, ते माझ्या पाया पडायचे, अन् मग माझ्या गळ्यात. लोकं हसायची. हसू द्या म्हणलं. सवय झाली माय मलाबी."

सत्यभामा स्टुलावर बसली. तीन वर्षं एक परका माणूस हातातलं काम सोडून उठत होता. तिला फक्त मान पुढे करायची होती.

"घरी का न्हाई नेली त्यांनी?" तिने विचारलं, जसं काही तिला माहीतच नव्हतं.

"म्हणलंतं मी. पैशाचं बी बघू म्हणलं. तर हसले नुसते. म्हणले, घरचं माणूस घेईल तवा नेईन." शहादेव तारेचं भेंडोळं शोधायला वाकला. "नेईन म्हणायचे, माय. नेली असती म्हणायचे न्हाईत."

शहादेवने वीणेच्या जुन्या तारा सोडल्या, नव्या बसवल्या, खुंट्या पिळून लावून घेतल्या.

"अजून हाय का ती?" तिने विचारलं.

"हाय की. गिऱ्हाईक येतंय, पण मला देववंना झालंय." त्याने भिंतीवरून गिटार काढली, फडक्याने पुसली. "हातात देऊ?"

"हातात नको."

शहादेवला कळलं. त्याने पट्टा आपल्या गळ्यात घातला, चपला काढून बाजूला सारल्या आणि पाय जुळवून तिच्यासमोर उभा राहिला. तिनेही चपला काढल्या. ती वाकली, तो वाकला. मग तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि मान पुढे केली.

जड होती. तिला वाटलं होतं त्याहून कितीतरी जड, निम्म्या कळशीएवढी. तो ती अशी धरायचा की तिला काही वजन असेल असं वाटलंच नव्हतं. पट्टा खांद्यात रुतला. तिला वाजवता येत नव्हतं. हनुवटी कुठे टेकवायची ते मात्र ठाऊक होतं. तिने ती टेकवली आणि मधलं बोट वाकवून लाकडावर पेराने एकदाच टकटक केलं.

दाराशी कुणीतरी गिऱ्हाईक आलं, शहादेव तिकडे गेला. सत्यभामा उभी राहिली. बसची वेळ होत आली होती. काच समोरच होती, हातभर अंतरावर. तिला ते वाद्य तिथे ठेवता येईना.

त्या मार्चातल्या सकाळी टिपाड वाजवून झाल्यावर, सायकल काढता काढता, तो म्हणाला होता, "अर्ध्या दिवसाचं हाय. टँकर आला की निरोप धाड. हंडा एकलीच उतरवू नको, मी येतो."